जाळीचा उजवा कोपरा

१४ सप्टेंबर

शाळेवरचा झेंडा कोणी धूत नाही. खालचा पिवळा पट्टा निदान पिवळा दिसतो, पण वरचा निळा भांडी विसळलेल्या पाण्यासारखा झालाय. रोज त्याच्याखालून एवढ्या बायका आत जातात, एकीलाही लाज वाटत नाही. आज मी शाळेच्या लारिसाबाईंना तोंडावर सांगितलं, उतरवून द्या, मी धुते, साबण माझा. त्यांनी माझ्या शेजारणीकडे, होर्पिनाकडे, पाहिलं. होर्पिनाने खिडकीबाहेर पाहिलं. मग लारिसाबाई म्हणाल्या, बघू हं, पारास्का मावशी. शिकवणाऱ्या बायका ‘बघू’ म्हणाल्या की समजायचं, नाही.

झालं, बोलून मोकळी झाले. आता या वहीला नमस्कार करते.

वही माझ्या नातीने दिली. उल्यानाने. ती रेल्वेत आहे, डब्यात चादरी देते, चहा देते, लोकांना उतरायचं स्टेशन आलं की उठवते. ती म्हणाली, आजी, तू रात्रभर पुटपुटतेस, मला झोप येत नाही, ते सगळं यात लिहीत जा. मी चार इयत्ता शिकले, त्याही हिवाळ्यातल्याच; उन्हाळ्यात गाई राखायच्या होत्या. अक्षर कोंबडीचं आहे. पण वाचणार कोण? उल्यानाची आई, माझी लेक, इटलीत परक्या म्हाताऱ्यांना भरवते. इथे मी, उल्याना आणि मांजर.

शाळेत पोरं नाहीत, ती फोनवर शिकतात. व्यायामाच्या मोठ्या खोलीत आम्ही सैन्यासाठी जाळ्या विणतो. लाकडी चौकटीवर मासे धरायचं जाळं ताणायचं आणि त्यात जुन्या कपड्यांच्या चिंध्या गुंफायच्या, म्हणजे आकाशातून पाहणाऱ्याला खाली माती आणि पाला दिसावा, माणूस दिसू नये. गाठ माझ्यासारखी कोणाची नाही. ती सुटत नाही, हे होर्पिनासुद्धा कबूल करते, आणि होर्पिना माझं काही कबूल करायला बायबलवर हात ठेवायला लावला तरी तयार होणार नाही.

आज एक शिपाई जाळी मागायला आला. त्याच वेळी उल्याना माझा डबा घेऊन आली आणि दारातच थांबली. तो वळला आणि तोही थांबला. मला वाटलं हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. मग उल्याना म्हणाली, “तुमचे हातमोजे माझ्याकडे आहेत.”

तो म्हणाला, “मग मी ते विसरलो नव्हतो. तुमच्याकडे ठेवायला दिले होते.”

होर्पिनाच्या हातातून कात्री पडली, एवढी हसली. नंतर कळलं, फेब्रुवारीत तो हिच्या डब्यात होता. रात्रभर झोपला नाही, चहावर चहा पीत बसला, उतरताना हातमोजे टाकून गेला. नाव विचारलं नाही, सांगितलं नाही. आणि ही मूर्ख मुलगी ते हातमोजे तेव्हापासून कोटाच्या खिशात घालून फिरते. नाव देम्यान. कान कोबीच्या बाहेरच्या पानांसारखे.

मी कोणाला घाबरत नाही असं सगळ्यांना सांगते. वहीशी खोटं कशाला बोलू? अंधार पडला की मी घाबरते.

१७ सप्टेंबर

तो कान आज पुन्हा आला. गाडी दुरुस्तीला टाकलीय म्हणे, आणखी दोन-तीन दिवस त्याची पलटण इथे आहे. गाडीची दुरुस्ती गॅरेजात होते, माझ्या स्वयंपाकघरात नाही, असं मी बोलले. तो म्हणाला, “खरंय आजी. पण तुमची चूल धूर परत आत सोडते. तेवढं बघून जातो.”

चुली बांधणं हाच त्याचा धंदा निघाला, युद्धाच्या आधीचा. बापाचाही तोच. हात आत घालून त्याने धुराड्यातून एक अख्खी वीट काढली. ती तिथे माझ्या नवऱ्याच्या वेळेपासून असणार, कारण तशी वाकडी वीट तोच बसवू शकत होता. आता चूल धूर असा वर ओढते की मांजर घाबरलं.

बीटाचं सूप, बोर्श्च, वाढलं तेव्हा विचारलं, गाव कुठलं. गाव तिकडे, लढाईच्या रेषेपलीकडे, शत्रूच्या ताब्यात. आई तिथेच अडकली, फोन लागत नाही. म्हणाला, “शेजारी सांगतात, आमची चूल उभी आहे. घर नाही.” आणि पाव मागितला. असल्या बोलण्यानंतर पाव मागणारा माणूस मला पटतो, पण हे त्याला कळू दिलं नाही.

उल्याना विहिरीवर गेली तेव्हा मी सरळ विचारलं, मरायचा विचार आहे का तुझा.

“विचार तर नाही, आजी.”

मी म्हटलं, मग तिच्याकडे बघ हवं तेवढं. पण तिला आशा लावून मग नाहीसा होणार असशील, तर आत्ताच ते हातमोजे घे आणि चालू लाग.

त्याने चमचा पुसून ठेवला. मग म्हणाला की त्याच्या कागदांवर कोणाचा तरी पत्ता लागतो, काही झालं तर कळवायला. आईचा पत्ता आता चालत नाही. या घराचा लिहू का?

मी म्हटलं, लिही. पण काही कळवायला कोणी आलं, तर मी दार उघडणार नाही. आधीच सांगून ठेवते.

तो म्हणाला, चालेल. आणि ताट स्वतः धुतलं.

१९ सप्टेंबर

उद्या सकाळी त्याला जाळी हवी, आणि काल संध्याकाळी शाळेतली वीज गेली. उजवा कोपरा राहिला होता. लारिसाबाई तापाने घरी. मी म्हटलं, मी कोपऱ्याचा तुकडा घरी करते, सकाळी जोडून टाका. अंधारात दाराजवळची चिंध्यांची गोणी उचलली आणि निघाले. आज दिवसभर खिडकीत बसून विणलं. मातीचा रंग, वाळल्या पाल्याचा रंग, मधूनमधून काळपट. एकेक गाठ दाताने ओढली. हा कोपरा कोणाच्या डोक्यावर येणार हे ठाऊक असलं की हात वेगळा चालतो.

संध्याकाळी होर्पिना न्यायला आली. तुकडा उजेडात धरून उलटसुलट पाहिला. मी म्हटलं, काय, खोट सापडेना? ती म्हणाली, “छान झालंय, पारास्के.” लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून या बाईने माझ्या कशालाही छान म्हटलेलं नाही. माझ्या मुलीलासुद्धा नाही. नक्की काहीतरी उसनं हवं असणार.

२० सप्टेंबर

जाळी गेली. तो गेला. उल्यानाने फाटकापाशी त्याच्या गळ्यात हात टाकले, सगळ्या गल्लीसमोर. हातमोजे मात्र परत दिले नाहीत. थंडी पडल्यावर न्यायला ये, असं सांगितलं. जाळी गाडीत चढवायला होर्पिना आली होती, डोळे लाल, एका बोटाला फडकं. आलुबुखाराची दारू पिऊन रात्री कशावर तरी आपटली असणार. मी तसं म्हटलंही. तिने बोट पाठीमागे लपवलं. म्हणजे खरंच.

२८ सप्टेंबर

आता आमच्याकडे असं चालतं. रोज सकाळी उल्यानाच्या फोनवर अधिकची खूण येते. तेवढीच. एक आडवी, एक उभी रेघ. म्हणजे, जिवंत आहे. तिकडचे सगळे असंच करतात, जास्त लिहायला वेळ नसतो आणि लिहिण्यासारखं काही नसतं. उल्याना कामावर असली की गाडीतून मला फोन करते आणि म्हणते, “आली.” मग मी कोंबड्यांना दाणे टाकते. आधी नाही. कोंबड्या आता मला शिव्या देतात.

पूर्वी मला वाटायचं भीती म्हणजे मोठा आवाज. तसं नाही. भीती म्हणजे आवाज न करणारा फोन.

६ ऑक्टोबर

मला जाळीवरून उठवलं.

लारिसाबाई बऱ्या होऊन आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, मावशी, हिवाळ्याच्या जाळ्या पांढऱ्या लागणार, चादरी फाडायला तुमच्यासारखा भक्कम हात पाहिजे. आणि माझ्या जागी, खिडकीजवळच्या माझ्या जागी, होर्पिना. भक्कम हात म्हणे. चादरी फाडायला बैलही चालेल. मी रागाने घरी निघून आले आणि दुपारी परत गेले, कारण घरी फोनकडे बघत बसायचं तर निदान फाडत तरी बसावं.

उल्यानाने निळा रुमाल मागितला, मी काढून दिला, ती म्हणाली, आजी, हा हिरवा. म्हटलं, संदुकीत अंधार आहे.

१५ ऑक्टोबर

रात्री ते आले, बाँब घेऊन उडणारे ड्रोन. इथे त्यांना मोपेड म्हणतात, कारण आवाज तसाच, कोणी पोरगा खटारा गाडी घेऊन ढगातून चाललाय असा. मोपेड दूर जाते तोवर ठीक. आवाज बंद पडला की समजायचं, खाली येतेय. मी तळघरात बटाट्यांवर बसले, मांजर पोटाशी. आवाज बंद पडला. मला एकही प्रार्थना आठवली नाही. मनात एवढंच आलं की खारवलेल्या कोबीच्या बरण्या फुटल्या तर हिवाळ्यात खायचं काय.

नदीपलीकडचं धान्याचं कोठार गेलं. आमच्या खिडकीला तडा. होर्पिना सकाळी स्वयंपाकघरातला चिकटपट्टीचा गुंडाळा घेऊन आली, काच चिकटवली, आणि वर म्हणाली, तुझं घर आधीपासूनच एवढं फाटकं दिसतं की फरक कळत नाही.

खूण उशिरा आली, दुपारी. तोवर मी उभीच होते.

२१ ऑक्टोबर

आज अक्षर आणखी बिघडलंय.

उल्याना सुट्टीवर आहे, घर आवरत होती. बाकाखालून चिंध्यांची ती गोणी बाहेर ओढली, कोपरा विणून उरलेली. तिने मूठभर बाहेर काढल्या आणि विचारलं, “आजी, हे एवढं निळं कुठून आणलंस?”

मी म्हटलं, कुठलं निळं. माती रंगाच्या आहेत त्या.

ती हसली. म्हणाली, साखर कारखान्याच्या कामगारांचे कपडे फाडलेत हे, चकचकीत निळे, शंभर पावलांवरून दिसतील. आणि चिंध्या खिडकीशी धरून दाखवल्या. मी पाहिल्या. मातीच दिसली.

दाराजवळ गोण्या दोन होत्या. एक विणायची, एक टाकून द्यायची. अंधार होता.

मी तिला काही बोलले नाही. ती गोणी घेऊन अंगणात गेले आणि डब्यात जाळली. धूर कुठल्या रंगाचा होता, हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

२२ ऑक्टोबर

शाळेत सगळ्यांच्या आधी गेले. लारिसाबाई कुलूप काढत होत्या. सहज विचारावं तसं विचारलं, झेंडा शेवटचा कधी धुतला होता. त्या म्हणाल्या, धुवायचा कशाला मावशी, ऑगस्टमध्ये नवा कोरा आणलाय.

मी खाली उभी राहिले. आधी डावा डोळा झाकला, मग उजवा. दोन्ही वेळा विसळपाणी.

म्हणजे माझ्या हाताने मी शेतात, मातीवर, एक निळा कोपरा अंथरून दिला. वरून बघणाऱ्याला बोट दाखवावं तसा. इथे आहे, इथे मार. आणि गाठी अशा मारल्या की त्या सुटू नयेत.

आज सकाळची खूण आली होती. उद्याचं कोण सांगेल? फोन करून सांगावं तर जाळी फेकून दे म्हणायचं, पण फेकून दुसरी कुठून घालणार? आणि उल्याना विचारणार, का. मी तिला काय तोंड दाखवू? आता वीज आली की सांगेन असं ठरवलं. वीज आली. सांगितलं नाही.

२३ ऑक्टोबर

खूण आली. सांगितलं नाही. उद्या सांगते.

२५ ऑक्टोबर

काल आली नाही. आज आली नाही.

२८ ऑक्टोबर

उल्याना रडत नाही. तिने सगळे परकर इस्त्री केले, मग उलटून पुन्हा केले. मी तिच्या मागे मागे फिरते आणि तोंड उघडते, आणि विचारते, चहा देऊ? तिने त्याच्या पलटणीतल्या एकाचा नंबर मिळवला होता, तो लागत नाही. आज तिला परत कामावर बोलावलं. आता नेहमीची गाडी नाही, जखमींना पूर्वेकडून आणणारी गाडी. तिने स्वतःच मागून घेतली असं दिसतंय. जाताना म्हणाली, आजी, तू जेवत जा. मी म्हटलं, तू गप्प बस. आम्ही दोघी दारात पेटीवर क्षणभर बसलो, प्रवासाला निघताना बसतात तशा, आणि मी बसल्या जागी सांगून टाकणार होते. मग तिला स्टेशनवर न्यायला मोटार आली.

घर रिकामं झालं. भोंग्याची आता मला भीती वाटत नाही. भीती फाटकाच्या कडीची वाटते. कोणी गेल्याची खबर द्यायला सैन्यातले ते दोघे येतात. नेहमी दोघे, एक तरुण, एक पोक्त. पोक्त बोलतो, तरुण खाली बघतो. वरच्या आळीत तीनदा आलेत. पत्ता माझा आहे.

२ नोव्हेंबर

आज फाटक वाजलं.

मी चुलीमागे जाऊन बसले. या वयात, गुडघे पोटाशी घेऊन. पुन्हा वाजलं. मग पायऱ्यांवर पावलं, मग दार. मी तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक कोंबलं. मला वाटलं, मी उघडलं नाही तर त्यांना सांगता येणार नाही, आणि सांगितलं नाही तर ते झालेलं नाही. माझी अक्कल एवढीच उरली होती.

बाहेरून आवाज आला, “पारास्के, मेलीस का? दूध उतू जातंय तुझं, रस्त्यापर्यंत वास येतोय.”

होर्पिना.

दार उघडलं. तिने मला बाकावर बसवलं, दूध उतरवलं, आणि मी तिला सगळं सांगितलं. गोणी, निळं, झेंडा, कोपरा. म्हटलं, मी त्या पोराला मारलं, होर्पिना. माझ्या हाताने.

ती ऐकत होती आणि चुलीवरचं सांडलेलं दूध पुसत होती. मग म्हणाली, “तुझे डोळे गेलेत हे सगळ्या शाळेला माहीत आहे. तुला सोडून.”

मी म्हटलं, काय?

“उन्हाळ्यापासून. तू हिरव्यात लाल घालतेस, तू घरी गेलीस की आम्ही काढतो. त्या दिवशी तुझा कोपरा घरी नेला, बाकीच्यांना हाक मारली, आणि उजाडेपर्यंत एकेक गाठ सोडून नवा विणला. जाळीत तुझी एक चिंधी नव्हती. आणि तुझ्या त्या गाठी!” तिने बोट पुढे केलं. नख अजून नीट आलेलं नाही. “आता पुन्हा मला दारू प्यायलीस म्हण.”

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

ती म्हणाली, “बोललो असतो तर तू घरी बसली असतीस. घरी बसून आठवड्यात मेली असतीस. मग मी भांडायचं कोणाशी, लारिसाशी? ती लगेच माफी मागते.”

मी तिला शिव्या दिल्या. एवढ्या दिल्या की मांजर पळालं. ती ऐकून घेत राहिली, आणि माझ्याच भांड्यातलं उरलेलं दूध पिऊन गेली.

ती गेल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं थोडा वेळ. मग वही काढली आणि लिहिताना कळलं. जाळी चांगली होती. तरी खूण येत नाही. माझी चूक असती तर निदान कारण तरी होतं. आता कारणही नाही. आता ते असंच कोणालाही होतं. ही भीती आधीच्यापेक्षा वाईट आहे.

७ नोव्हेंबर

सापडला.

उल्यानाने आज फोन केला आणि आधी काही बोलेचना. मी म्हटलं, बोल, नाहीतर ठेव. मग तिने सांगितलं, आणि मी आता तसंच लिहिते, कारण उद्यापर्यंत मी त्यात काहीतरी घालेन.

रात्रीतून गाडीत जखमी चढवले. ती चहा देत चालली होती. एका खालच्या फळीवर एक जण, डोळ्यांवरून डोक्याभोवती सगळं बांधलेलं, तोंड आणि कान तेवढे उघडे. तिने चहा ठेवला, पुढे गेली, चार फळ्या पुढे गेली, आणि मग परत आली. कान पाहिले. पट्ट्यांमधून दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले.   खिशातून हातमोजे काढले आणि त्याच्या हातात ठेवले.

त्याने ते चाचपले. एक हातमोजा नाकाशी नेला. मग म्हणाला, “थंडी पडली वाटतं.”

जाळीखाली असताना काही झालं नाही. जाळीचा कोपरासुद्धा हलला नाही. पाणी आणायला बाहेर पडला तेव्हा झालं. फोन जळाला. नंबर कुठलाच पाठ नव्हता, आजकाल कोणाला काय पाठ असतं? एक डोळा वाचेल म्हणतात.

मी उल्यानाला विचारलं, त्याला चहात साखर घातलीस का. ती रडायला लागली. आता रडते, आणि मी तिला रागावले. मग फोन ठेवला आणि कोंबड्यांकडे गेले. दाणे टाकताना सगळं हातातून पडलं. खाऊ दे.

४ डिसेंबर

देम्यान इथे आहे, दहा-बारा दिवसांच्या सुट्टीवर. डाव्या डोळ्यावर काळी पट्टी. एका डोळ्याने त्याने माझी चूल पाहिली आणि म्हणाला, आजी, राख कोणी काढत नाही का? आल्या आल्या. मी म्हटलं, या घरात कामाचे डोळे तीनच आहेत, दोन तिचे, एक तुझा, तूच काढ.

उल्यानाने त्याला निळ्या कोपऱ्याचं सांगितलं. होर्पिनाने तिला सांगितलं, म्हणजे आता जिल्ह्याला माहीत. मला वाटलं तो गप्प होईल. तो एवढा हसला की पट्टी सरकली. म्हणाला, “तो कोपरा मला हवा होता. घरी परत जाईन तेव्हा दाराला लावायला.” घर नाही त्याला. पण चूल आहे.

दोघं मंगळवारी नोंदणीच्या कचेरीत जाऊन लग्न करून आले. मध्येच भोंगा झाला, तळघरात सह्या केल्या. मी माझ्या हातचं भरतकाम केलेलं कापड रीतीप्रमाणे दोघांच्या पायाखाली अंथरायला दिलं, लाल आणि काळं. तेवढं रंगांचं मला कळतं. होर्पिनाने तरी उजेडात धरून पाहिलं.

रात्री त्यांच्या खोलीतून आवाज आला, तो झोपेत ओरडत होता. मग तिचा आवाज, अगदी बारीक. मग गप्प. मी भिंतीला पाठ लावून बसून राहिले. मोपेड गेली तरी मी तळघरात गेले नाही. ते गेले नाहीत, मग मी कशाला?

११ डिसेंबर

तो उद्या परत जातो. एका डोळ्याने बंदूक धरायला नाही, तर सैनिकांच्या जमिनीखालच्या खोल्यांत चुली बांधायला. तिथे धूर बाहेर दिसला तर मारतात, म्हणून धूर दिसणार नाही अशा चुली. कुठे ते सांगत नाही. सांगत नाही म्हणजे मागे सुरक्षित जागी नाही, पुढे आघाडीवरच.

आणि मला परवा पोल्ताव्याला नेणार. डोळ्याचं ऑपरेशन. देम्याननेच नंबर लावला, म्हणाला, आजी, एकाच घरात दोन आंधळे बरे दिसत नाहीत. डॉक्टर म्हणतात आधी एक, मग दुसरा, काही दुखत नाही. मला दुखण्याची भीती नाही. मला भीती आहे ती डोळे बांधून पडल्यावर इथे काय होईल याची. आणि ते उघडल्यावर काय दिसेल याची.

झेंडा मात्र बघणार आहे.

जेवताना मी तिघांना समोर बसवून सांगितलं, होर्पिनालाही बोलावून घेतलं होतं, आणि नंतर कोणी आम्हाला ठाऊक नव्हतं म्हणू नये म्हणून इथे लिहून ठेवते.

सकाळी त्याची खूण आली, की उत्तर उल्यानाने द्यायचं. लगेच. हातात चहा असला तर चहा खाली ठेवून. त्यालाही आमची काळजी असते, हे मला आत्ता कळलं.

खूण आली नाही आणि फाटक वाजलं, तर उल्यानाने जागचं हलायचं नाही. मी घरी असले तरी मी उठणार नाही, हे आधीच सांगितलेलं आहे. दार होर्पिनाने उघडायचं. किती दिवस गप्प बसायचं आणि कधी बोलायचं, ते तिला जमतं. खबर घेऊन आलेल्या त्या दोघांना काय उत्तर द्यायचं ते होर्पिनाच देईल.